रंग गेला, पण कोठें गेला?



सोलापूरच्या घराघरांतून एक जुनी शिकवण ऐकूं येते. नवी चादर धुतली कीं ती उलटी करून सावलींत वाळत घालावी. उन्हांत घातली तर रंग विटतो. लहानपणीं माझ्या आईनें ही गोष्ट मला इतक्या वेळां सांगितली कीं, ऊन म्हणजे रंगाचा वैरी, हें माझ्या मनावर कायमचें ठसलें. पुढें शिक्षक झाल्यावर कळलें कीं, या वैऱ्याशींच मैत्री करून रंगानें व विषारी द्रव्यांनीं बिघडलेलें पाणी शुद्ध करण्याची खटपट जगांतील शास्त्रज्ञ पन्नास वर्षें करीत आहेत. त्या खटपटीची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. मी शास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि प्राथमिक शाळेंत पस्तीस वर्षें खडू झिजविलेला मनुष्य आहें. तथापि या विषयांत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती सुधारल्यावांचून मला चैन पडत नाहीं. म्हणून हें भाषण.

माझी शाळा शहराच्या पूर्व भागांत होती. वर्गांतील बहुतेक मुलें विणकरांचीं, कांहीं रंगाऱ्यांचीं. नोकरीच्या शेवटच्या वर्षीं, मार्च महिन्यांत, विज्ञान-प्रदर्शनासाठीं मीं सातवीच्या मुलांकडून एक प्रयोग करविला. एका मुलाचा बाप सूत रंगविण्याच्या कारखान्यांत रोजंदारीवर होता. त्या मुलानें नाल्यांतून बाटलीभर लाल पाणी आणलें. तें आम्हीं साध्या पाण्यांत मिसळून फिकट केलें आणि तीन बाटल्यांत भरलें. औषधांच्या दुकानांतून झिंक ऑक्साइडची, म्हणजे जस्त व प्राणवायु यांच्या संयोगानें झालेली, पांढरी भुकटी आणली होती. ती चिमूटभर पहिल्या बाटलींत टाकून बाटली गच्चीवर उन्हांत ठेवली. दुसरी बाटली भुकटीवांचूनच उन्हांत ठेवली. तिसरींत भुकटी टाकली, पण ती कपाटांत अंधारांत ठेवली. मुलें पाळीपाळीनें बाटल्या हालवीत होतीं.

चार तासांनीं पाहिलें, तों दुसरीचा रंग बहुतांशीं तसाच होता. तिसरींतील पाणी किंचित् फिकें झालें होतें, परंतु तळाशीं बसलेली भुकटी गुलाबी दिसत होती. अर्थात् रंग नाहींसा झाला नव्हता, भुकटीला चिकटला होता. पहिल्या बाटलींतील पाणी मात्र निवळशंख, आणि भुकटीही पांढरीच!

मुलांनीं टाळ्या वाजविल्या. एकानें फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलें, "सूर्यप्रकाशानें पाणी शुद्ध झालें." ज्यानें पाणी आणलें होतें त्या मुलानें बाटली उचलून तोंडाकडे नेली. मीं धांवत जाऊन त्याचा हात धरला. तो गोंधळून म्हणाला, "गुरुजी, रंग तर गेला; मग पिऊं कां नको?" आणि क्षणभर थांबून त्यानें विचारलें, "गुरुजी, रंग गेला कुठें?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. "पुढच्या इयत्तेंत शिकशील," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. आमच्या प्रयोगाला बक्षीस मिळालें. फळ्यावरील वाक्य मीं पुसलें नाहीं. ज्या पाण्याचा एक घोट घेऊं देण्याचें मला धैर्य झालें नाहीं, त्यालाच मीं वर्गभर मुलांदेखत 'शुद्ध' म्हणूं दिलें. ती माझी चूक. त्या मुलाच्या घरामागें एक कूपनलिका होती. तिच्या पाण्यावर त्याची आई भांडीं घाशी, धुणें धुई. नळाला पाणी न आल्यास तेंच पाणी चुलीवर चढे. पावसाळ्यानंतर त्या पाण्याला कधीं कधीं गुलाबी झांक येई, असें तो मला मागाहून म्हणाला. तेव्हां त्याचा प्रश्न परीक्षेंतला नव्हता, घरांतला होता.

सोलापूरकरांस पाण्याचें मोल कोणीं शिकवावयास नको. या शहराचें नांव घेतांच सिद्धरामेश्वरांच्या नांवाशीं जोडलेला तलाव डोळ्यांपुढें उभा राहतो. १८७१ साली पुरा झालेला एकरुखचा तलाव आणि अलीकडील काळांत भीमेवरील उजनी धरण, यांवर शहराची तहान भागत आली आहे. ज्या गांवीं पाणी इतकें प्रयासानें आणावें लागतें, त्याच गांवचा मुख्य धंदा मात्र पाणी पिणारा आहे. १८७७ साली येथें पहिली कापड गिरणी निघाली. गिरण्यांचे भोंगे पुढें बंद पडले, परंतु यंत्रमागांचा खडखडाट राहिला. येथील चादरीला आणि टॉवेलाला भौगोलिक मानांकनाचा मानही मिळाला. सूत रंगवावयाचें म्हणजे तें पाण्यांत भिजवावें, रंगांत बुडवावें आणि रंग सुटेनासा होईपर्यंत पुन्हां पुन्हां धुवावें. सुती कपड्यासाठीं आज जे रंग विशेषेंकरून वापरतात, ते सुताशीं रासायनिक गांठ बांधतात. परंतु सगळा रंग सुताला मिळत नाहीं. कांहीं भाग पाण्याशींच संयोग पावून निरुपयोगी होतो व धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. रंग सुताकडे ढकलण्यासाठीं मीठही घालावें लागतें. त्याचें प्रमाण दर लिटर पाण्यास पन्नास ग्रॅमच्या आसपास, आणि गडद रंगाला त्याहूनही अधिक असतें. तें मीठ सर्वच्या सर्व पाण्यांत राहतें.

आतां उन्हाची आणि पांढऱ्या भुकटीची गोष्ट. या कामीं सर्वांत प्रसिद्ध झालेली भुकटी म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. टायटॅनियम हें मूलद्रव्य १७९१ साली इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांतांत, विल्यम ग्रेगर नांवाच्या धर्मोपदेशकाला काळ्या वाळूंत सांपडलें. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूंतही त्याचें खनिज आहे. त्याची पांढरीशुभ्र भुकटी घरांच्या रंगांत घालूं लागले, तेव्हां रंगाऱ्यांस एक चमत्कार दिसला. उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर कांहीं वर्षांनीं हात फिरविला कीं चुन्यासारखी पूड हाताला लागे. ऊन लागतांच ती भुकटी भोंवतालचें तेल व राळ कुरतडीत होती. १९३१ साली प्रयागच्या विद्यापीठांतील डॉ. नीलरत्न धर व त्यांचे सहकारी गोपाळराव यांनीं अशा द्रव्यांच्या सान्निध्यांत सूर्यप्रकाशानें अमोनियाचें प्राणिदीकरण कसें होतें, याविषयींचे प्रयोग प्रसिद्ध केले. या विद्येच्या आरंभीं आपल्या देशाचेंही एक पाऊल उमटलेलें आहे, हें आपणांस ठाऊक असावें. १९७२ साली जपानांत अकिरा फुजिशिमा व त्यांचे गुरु केनिची होंडा यांनीं टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचें पृथक्करण करतां येतें असें दाखविलें, आणि जगाचें लक्ष इकडे वळलें. पुढील पांच वर्षांतच कॅनडांत व अमेरिकेंत, याच भुकटीनें पाण्यांतील विषारी द्रव्यांचा नाश करतां येतो, असे प्रयोग झाले.

हें घडतें कसें? मी तें शाळेंतील बाकाच्या दृष्टांतानें सांगतों. भुकटीच्या कणांत ऋणविद्युत्कण आपापल्या जागीं मुलांसारखे बसलेले असतात. प्रकाशाचा पुरेसा जोरदार किरण पडला कीं एखादा कण जागेवरून उडून वरच्या बाकावर जातो. त्याची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा भरून काढण्यासाठीं शेजारच्या पाण्याच्या रेणूपासून ऋणकण ओढून घेतला जातो, आणि पाण्याच्या त्या उरलेल्या तुकड्याला हायड्रॉक्सिल मूलक म्हणतात. वर उडालेला कण पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूला जाऊन मिळतो व त्यालाही तिखट बनवितो. हायड्रॉक्सिल मूलक हें मोठें उग्र द्रव्य. त्याचें आयुष्य सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावें लागतें; परंतु तेवढ्या वेळांत जो सेंद्रिय रेणु समोर सांपडेल त्याचा लचका तें तोडतें. भुकटी स्वतः खर्च होत नाहीं. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ दोन्ही घरीं मिष्टान्न झाल्यावर पुढच्या लग्नाला जातो, तशी ती पुढच्या रेणूकडे वळते. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. हा प्रकाशानें जागा होतो, म्हणून प्रकाश-उत्प्रेरक.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतों. रंग गेला कोठें?

आपली चादर डोळ्यांपुढें आणा. तिच्यावर मोर विणलेला आहे. मोराच्या जागचे चार धागे कोणीं कापले तर मोर दिसेनासा होतो. पण म्हणून सूत नाहींसें झालें काय? तें तेथेंच लोंबत असतें. रंगाच्या रेणूचें असेंच आहे. पुष्कळशा रंगांत नत्राच्या दोन अणूंचा एक पूल असतो, आणि त्याच्या दोहों बाजूंस कर्बाणूंचीं कडीं जोडलेलीं असतात. या जोडणीमुळेंच आपल्या डोळ्यांना तांबडा वा पिवळा रंग दिसतो. हायड्रॉक्सिल मूलकाचा घाव बहुधा या पुलावर आधीं पडतो. पूल तुटतांच रंग मावळतो, पाणी स्वच्छ दिसूं लागतें. परंतु तुटलेले तुकडे पाण्यांतच असतात. कांहीं रंगांचे तुकडे मूळ रंगापेक्षांही घातक असूं शकतात. बेन्झिडीन हें द्रव्य मूत्राशयाच्या कर्करोगास कारण होतें, आणि त्यापासून बनणाऱ्या रंगांवर आपल्या देशांत १९९० नंतरच्या दशकांत बंदी आली, ती याचसाठीं. प्रयोग तेथेंच न थांबवितां पुढें चालू ठेवला तर त्या तुकड्यांचीं साधीं आम्लें होतात. आणि अगदीं अखेरीस कर्बाम्लवायु, पाणी व थोडे क्षार एवढेंच उरतें. ही खरी शुद्धि. रंग जावयास तास पुरतात. त्याचा कर्ब संपूर्ण जावयास त्याहून पुष्कळच अधिक वेळ लागतो. आम्हीं चार तासांनीं टाळ्या वाजविल्या, तेव्हां मोर तेवढा गेला होता. सूत बाटलींतच होतें. शिवाय आमची भुकटीही अगदीं निरुपद्रवी नव्हती. तिच्यांतलें थोडें जस्त पाण्यांत उतरतें.

हा भेद डोळ्यांना दिसत नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळेंत पाणी तपासून, त्यांतील द्रव्यें जाळण्यास किती प्राणवायु लागतो तें मोजतात. हा आंकडा, नदीनाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठीं, दर लिटरला २५० मिलिग्रॅमहून अधिक नसावा असा सामान्य नियम आहे. महाराष्ट्रानें जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला. सबंध देशाचा कायदा १९७४ साली झाला. म्हणजे 'पाणी स्वच्छ दिसतें' या साक्षीवर विसंबूं नये, हें कायद्यालाही कळून पन्नासांहून अधिक वर्षें लोटलीं. कळलें नव्हतें तें माझ्यासारख्या मास्तराला.

कोणी म्हणेल, आमच्या गांवीं तर ऊन रग्गड आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. मग रंगाच्या प्रत्येक कारखान्याच्या गच्चीवर ही भुकटी कां ठेवूं नये? या प्रश्नाचें उत्तर उत्साहानें नव्हे, तर हिशेबानें दिलें पाहिजे.

पहिली अडचण उन्हाचीच. टायटॅनियम डायऑक्साइडला जागें करणारे किरण म्हणजे अतिनील किरण. सूर्याच्या शक्तींत त्यांचा वांटा शेंकडा चार-पांचच आहे. बाकीचें ऊन आपल्याला भाजून काढतें, पण त्या भुकटीला हालवीत नाहीं. शिवाय बाकावरून उठलेला मुलगा जसा पुष्कळदां लगेच आपल्या जागीं येऊन बसतो, तसेच उडालेले ऋणकणही बहुतेक परत येतात आणि काम कांहींच होत नाहीं. दृश्य प्रकाशानें जागे होणारे उत्प्रेरक शोधण्याचे प्रयत्न चालूं आहेत. २००१ साली जपानी शास्त्रज्ञांनीं टायटॅनियम डायऑक्साइडमध्यें नत्र मिसळून त्या दिशेनें पाऊल टाकलें.

दुसरी अडचण पाण्याचीच. गडद रंगाचें पाणी स्वतःच प्रकाशाला अडवितें. हौदाच्या वरच्या बोटभर थरांत ऊन, आणि खालीं काळोख. आमचा प्रयोग साधला, तो आम्हीं पाणी आधीं फिकट करून घेतलें म्हणून. तिसरी अडचण मिठाची. हायड्रॉक्सिल मूलकाला मित्र-शत्रु कळत नाहीं. तें रंगाऐवजीं क्षारांवरच आपली शक्ति खर्चून बसतें. आणि एवढें करूनही मीठ जसेंच्या तसें राहतें. रंग कितीही जाळा, खारें पाणी गोडें होत नाहीं.

चौथी अडचण भुकटीची. तिचे उत्तम कण इतके बारीक कीं एका मिलिमीटरांत सुमारें चाळीस हजार बसतील. ते पाण्यांतून परत काढावे कसे? यासाठीं ती भुकटी कांचेवर पक्की बसविण्याचे उपाय निघाले. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागांत तापलेल्या कांचेवर औषधाचा तुषार मारून टायटॅनियमच्या व जस्ताच्या ऑक्साइडांचे पातळ थर बसविले, आणि त्यांवर प्रकाशाबरोबर थोडा विद्युद्दाब देऊन रंगांचा नाश करण्याचे प्रयोग केले. विजेचा हेतु हा कीं उडालेला कण दुसरीकडे ओढून न्यावा आणि जागेवर परत येऊं देऊं नये. स्पेन देशांत अल्मेरिया येथें उन्हांत नळ्या मांडून, त्यांमागें वळविलेले आरसे ठेवून, मोठ्या प्रमाणावर अशीच परीक्षा चालत आली आहे. विद्या खरी आहे. परंतु प्रयोगशाळेंतील पेला आणि कारखान्याचा हौद यांत जें अंतर आहे, तें अजून पुरतें तोडलें गेलेलें नाहीं.

मग करावें काय? माझ्या अल्प बुद्धीला असें दिसतें कीं, सूर्य हा शेवटचा हात फिरविणारा आहे. घर झाडण्याचें काम त्याच्यावर टाकूं नये. आधीं सुताला अधिक लागेल व पाण्यांत कमी जाईल असा रंग निवडावा. जाड गाळ प्रथम बसवून घ्यावा. जंतूंकडून जें खाववितां येईल तें खाववावें. क्षार वेगळे काढून पाणी पुन्हां वापरावें. एवढें करून जें फिकट, हट्टी विष मागें राहील, त्यावर प्रकाशाचा प्रयोग करावा. तेथें तो शोभतो. आणि हा सारा खर्च एकट्या रंगाऱ्यावर लादला तर तो धंदा बंद करील किंवा रात्रीं नाल्यांत पाणी सोडील. त्या मुलाच्या बापाची रोजी आणि त्याच्या आईची कूपनलिका, या दोहोंपैकीं एकच वांचवा, असें म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. लहान कारखान्यांनीं एकत्र येऊन शुद्धीकरणाची सोय करावी, सरकारनें व नगरानें हातभार लावावा, आणि चादर विकत घेणाऱ्या आपण सर्वांनीं तिच्या किमतींत पाण्याचें मोलही धरावें.

घरच्यांसाठीं दोन शब्द. कोणतीही भुकटी टाकून पाणी उन्हांत ठेवण्याचा उद्योग पिण्याच्या पाण्यासाठीं करूं नका. सूर्यप्रकाश जंतूंना मारतो हें १८७७ सालापासून माहीत आहे. अडचणीच्या प्रसंगीं स्वच्छ, पारदर्शक बाटलींत निवळ पाणी भरून तें सहा तास कडक उन्हांत ठेवलें तर रोगजंतु बहुतांशीं मरतात. आकाश अर्धें ढगाळ असेल तर दोन दिवस ठेवावें. परंतु हा उपाय जंतूंचा आहे. रंग, कीटकनाशकें, क्षार यांवर त्याचा कांहीं उपयोग नाहीं. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्याला रंग वा वास आला, तर तें गाळून, उकळून वा उन्हांत ठेवून पिऊं नका; तपासावयास द्या. आणि एकदां आलेला रंग पुढें आपोआप दिसेनासा झाला, तरीही तपासून घ्या.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. कदाचित् बापाच्या जागीं कामालाही लागला असेल. आकाशवाणी घरोघर पोंचते. म्हणून त्यालाच उद्देशून शेवटचे चार शब्द बोलतों. बाळ, तूं विचारलेंस, रंग गेला कुठें? तो कुठेंच गेला नव्हता. तो आपल्या डोळ्यांपुरता लपला होता. त्याला खरोखर घालविण्यास आणखी पुष्कळ ऊन, पुष्कळ वेळ आणि पुष्कळ माणसांचे हात लागतात. त्या दिवशीं फळ्यावर लिहिलेलें वाक्य चुकीचें होतें. तें मीं तेव्हांच पुसावयास पाहिजे होतें, तें आज पुसतों, आणि त्या जागीं लिहितों: "पाण्याचा रंग गेला. पाणी शुद्ध झालें कीं नाहीं, हें अजून पाहावयाचें आहे."